गाभण मेंढीची ध्वनिचित्र-तपासणी : लहान कळपाच्या दृष्टीने काही विचार

कळपातील कोणती मेंढी गाभण आहे व कोणती नाही, हा प्रश्न मेंढपाळीइतकाच जुना आहे. त्यासाठी मराठीने स्वतंत्र शब्द राखून ठेवला आहे. स्त्रीच्या संदर्भात आपण गर्भवती, गरोदर, पोटुशी असे निरनिराळे शब्द योजतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या संदर्भात मात्र 'गाभण' हाच शब्द येतो. संस्कृत 'गर्भिणी', प्राकृत 'गब्भिणी' आणि त्यापासून मराठी 'गाभीण' व 'गाभण' ही परंपरा सरळ आहे. 'सप्त'पासून 'सत्त' व 'सत्त'पासून 'सात' होताना जोडाक्षर सुटून मागील स्वर दीर्घ होतो, तोच नियम येथेही लागू पडतो. फळाच्या वा झाडाच्या आतील 'गाभा' आणि अकाली गर्भ पडल्यास योजावयाचे 'गाभडणे' हे क्रियापद, हीही याच कुळातली.

या शब्दकुळाचे एक वैशिष्ट्य सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मेंढीच्या पोटात गर्भ आहे किंवा नाही एवढेच ते सांगते. गर्भ किती आहेत याविषयी ते मौन पाळते. हे मौन दख्खनच्या पठारावर आजवर कोणाला खटकले नाही, कारण दख्खनी मेंढी एका वेतास बहुधा एकच कोकरू देते आणि जुळे हा अपवाद असतो. ज्या गोष्टीत फरक पडत नाही तिच्यासाठी भाषा शब्द खर्च करीत नाही. परंतु गेल्या काही दशकांत सातारा जिल्ह्यातील फलटण येथे जे संशोधन झाले, त्यामुळे हा दुसरा प्रश्न काही कळपांपुरता तरी खरोखरीच उभा राहिला आहे. त्याचे उत्तर हाताने मिळत नाही, डोळ्यांनीही मिळत नाही. त्यासाठी श्रवणातीत ध्वनीचे यंत्र लागते. हे यंत्र काय दाखविते, केव्हा दाखविते आणि वीस-तीस मेंढ्यांच्या धन्याला त्याचा उपयोग कितपत आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम फलटणच्या कामाविषयी. बंगालमधील सुंदरबनाच्या दलदलीच्या प्रदेशात गारोळ नावाची एक ठेंगणी मेंढी आढळते. तिचे वजन उण्यापुऱ्या दहा-पंधरा किलोंचे. पण एका वेतास दोन, प्रसंगी तीन कोकरे देणे हा तिचा सहजधर्म आहे. ऑस्ट्रेलियातील बुरूला मेरिनो या मेंढ्यांतही हाच गुण दिसून आला होता. तो एका विशिष्ट जनुकातील बदलामुळे येतो, हे २००१ साली तीन निरनिराळ्या संशोधक-गटांनी दाखवून दिले. लगेच पुढच्या वर्षी तोच बदल गारोळ मेंढीतही असल्याचे प्रसिद्ध झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून जहाजाने काही मेंढ्या ऑस्ट्रेलियात नेण्यात आल्या होत्या. त्यामुळे बुरूलाचा हा गुण मूळचा बंगालचाच असावा, असा तर्क करण्यात आला आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने डॉ. चंदा निंबकर यांच्या मार्गदर्शनाखाली गारोळ व दख्खनी यांचा संकर करून व पुढे निवड करीत करीत हा जनुक दख्खनी अंगलटीच्या मेंढीत आणला. 'नारी सुवर्णा' या नावाने ही मेंढी ओळखली जाते. जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढीमागे दर वेतास सरासरीने सुमारे अर्धे कोकरू अधिक मिळते. याचा अर्थ, अशा कळपातील काही गाभण मेंढ्यांच्या पोटात एक गर्भ असतो, काहींच्या पोटात दोन असतात आणि वरून दोघी सारख्याच दिसतात.

वरून सारख्या दिसणाऱ्या या दोन मेंढ्यांची गरज मात्र सारखी नसते. मेंढीचा गर्भकाल सुमारे १४७ ते १५० दिवसांचा. गर्भाचे जन्मवेळचे जे वजन असते, त्यातील दोन-तृतीयांशांहून अधिक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांतच होते. पोटात दोन गर्भ असले म्हणजे या सहा आठवड्यांत मेंढीपुढे मोठाच पेच उभा राहतो. साखरेची मागणी वाढत जाते. पण वाढलेल्या गर्भाशयाचा दाब पोटातील चाऱ्याच्या कोठीवर पडत असल्यामुळे तिला एका वेळी खाता येते ते कमीच. मग ती स्वतःच्या अंगावरची चरबी मोडू लागते, आणि त्या मोडीतून निर्माण होणारी द्रव्ये रक्तात साचून ती आजारी पडते. अशी मेंढी कळपापासून अलग उभी राहते, चाऱ्याला तोंड लावीत नाही, दात खाते, समोरचे दिसत नसल्याप्रमाणे चालते आणि शेवटी बसते ती उठत नाही. या आजाराला इंग्रज मेंढपाळ आपल्या बोलीत जुळ्या कोकरांचाच रोग म्हणतात. लक्षणे उघड झाल्यावर केलेला उपचार पुष्कळदा उशिराचा ठरतो. मेंढी जाते आणि तिच्याबरोबर दोन्ही कोकरेही जातात. त्यातून ती वाचली तरी कोकरे कमी वजनाची निपजतात आणि कासेत दोघांना पुरेल इतका चीक नसतो. फिरत्या वाड्यावर अशा कोकरांचे हाल अधिक, कारण तेथे नवजात कोकरू खांद्यावरून किंवा घोड्यावरून न्यावे लागते.

यावर सर्वच मेंढ्यांना भरपूर खुराक द्यावा, असा सोपा उपाय कोणी सुचवील. तो दोन्ही अंगांनी घातक आहे. एकच गर्भ असलेल्या मेंढीला जास्त खुराक दिल्यास कोकरू अवाजवी मोठे होते व अडते. आणि रिकाम्या मेंढीला दिलेला खुराक तर निव्वळ वायाच जातो. सरासरीच्या मापाने वाढलेले अन्न ज्या एका मेंढीला नेमके हवे असते, तिलाच अपुरे पडते. तेव्हा गर्भाची संख्या जाणणे याचा व्यावहारिक अर्थ, कळपाचे दोन किंवा तीन भाग पाडून त्यांना निरनिराळे खाऊ घालता येणे, असा आहे. ज्याला कळप विभागता येत नाही किंवा विभागावयाचा नाही, त्याने संख्या जाणून घेण्यासाठी पैसे खर्च करू नयेत. हे थोडे रोखठोक वाटेल. पण पुष्कळ ठिकाणी तपासणी होते, मेंढ्यांवर खुणा होतात आणि दुसऱ्या दिवशी सर्व मेंढ्या पुन्हा एकाच गव्हाणीवर उभ्या राहतात.

यंत्र येण्यापूर्वीचे उपाय काही टाकाऊ नव्हेत. त्यांतील सर्वांत स्वस्त व आजही उपयोगी असा उपाय म्हणजे गेरूचा. गेरू तेलात कालवून एडक्याच्या छातीला फासावा. त्याने ज्या मेंढीशी संग केला तिच्या पाठीच्या मागील भागावर तांबडा डाग उमटतो. मेंढीच्या माजाचे चक्र सुमारे १७ दिवसांचे असते. म्हणून सतराव्या दिवशी रंग बदलावा. नव्या रंगाचा डाग ज्या मेंढीवर पुन्हा पडला ती पहिल्या वेळी फळली नव्हती, आणि जिच्यावर पुन्हा डाग पडला नाही ती बहुतकरून फळली, असे समजावे. इंग्लंडातही मेंढपाळ पूर्वापार तांबडी मातीच यासाठी वापरीत आले. हाताने चाचपून पाहण्याची रीतही सर्वत्र आहे. परंतु तिचा भरवसा गर्भकालाच्या उत्तरार्धात येतो, आणि कास भरू लागली म्हणजे तर तपासणीचे कारणच उरत नाही. १९७२ साली अमेरिकेत ह्युलेट यांनी मेंढीला उताणे धरून गुदमार्गाने गुळगुळीत दांडी आत घालावयाची व तिच्या टोकाने गर्भाशय उचलून वरून हाताने चाचपावयाचे, अशी एक युक्ती सांगितली. ती बरोबर निदान करीत असे. पण आतील भिंतीला इजा होण्याचे भय असल्यामुळे ती मागे पडली, आणि ते चांगलेच झाले. रक्तातील विशिष्ट द्रव्यांवरूनही गर्भनिदान होते. या साऱ्या उपायांचे सामर्थ्य मात्र 'गाभण' या शब्दाइतकेच आहे. आहे की नाही, एवढेच ते सांगतात.

श्रवणातीत ध्वनीचा इतिहास येथे थोडक्यात सांगितला तरी पुरे. माणसाच्या कानाला सेकंदास सुमारे वीस हजार कंपनांपलीकडचा ध्वनी ऐकू येत नाही. मेंढीच्या तपासणीत वापरला जाणारा ध्वनी सामान्यतः ३५ ते ५० लाख कंपनांचा असतो. धातूच्या ओतीव कामातील भेगा शोधण्याच्या यंत्रापासून प्रेरणा घेऊन ग्लासगो येथील इयान डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र स्त्रीरोगाच्या क्षेत्रात आणले आणि १९५८ साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला. मेंढीतील गर्भनिदानासाठी त्याचा उपयोग लिंडाल यांनी १९६६ साली अमेरिकेत मांडला. पण ती यंत्रे केवळ प्रतिध्वनी आला की नाही एवढेच सांगत. भरलेल्या मूत्राशयालाही ती गर्भोदक समजत. पडद्यावर हलते चित्र दाखविणारे यंत्र आल्यानंतरच मोजणी शक्य झाली. १९८४ साली ऑस्ट्रेलियातील फाउलर व विल्किन्स यांनी आणि स्कॉटलंडमधील व्हाइट, रसेल व फाउलर यांनी अशा यंत्राने मेंढीच्या पोटातील गर्भांची संख्या विश्वासार्हपणे सांगता येते, हे दाखविले. त्यानंतर ब्रिटनमध्ये ही तपासणी एक स्वतंत्र धंदाच बनली. तपासनीस आपले यंत्र गाडीत घालून गावोगाव फिरतो आणि सराईत हाताखालून तासाला शंभराहून अधिक मेंढ्या जातात.

प्रत्यक्ष तपासणीत कौशल्य आहे, गूढ मात्र काही नाही. मेंढीला उभी धरून कासेच्या पुढे जांघेतील लोकर नसलेल्या कातडीवर तेल किंवा चिकट द्रव लावतात व यंत्राची मूठ तेथे टेकवितात. शक्यतो उजव्या बाजूने पाहतात, कारण डावीकडे चाऱ्याची कोठी असते आणि तिच्यातील वायू ध्वनीला वाट देत नाही. याच कारणासाठी मेंढीला आदल्या रात्री उपाशी ठेवलेले बरे. पडद्यावर पाणी काळे दिसते, हाड पांढरे आणि मांस करड्या रंगाचे. गर्भोदकाच्या काळ्या पोकळीत प्रथम दृष्टीस पडतात त्या गर्भाशयाच्या भिंतीवरील वारेच्या गाठी. त्या वाटीसारख्या किंवा अर्ध्या कड्यासारख्या दिसतात. मग कंगव्याच्या दातांप्रमाणे दिसणारी बरगड्यांची ओळ, डोके आणि फडफडणारे हृदय. मोजणी करावयाची ती डोक्यांची किंवा छातीच्या पिंजऱ्यांची. नवशिक्याच्या दोन चुका ठरलेल्या असतात. एक गर्भ सापडला की तो थांबतो, आणि मूठ फिरविताना तोच गर्भ पुन्हा समोर आला की त्याला दुसरा समजतो. म्हणून पोटाचा संपूर्ण आडवा पट्टा एका ओघात पाहून काढावा लागतो. उन्हात पडदा दिसत नाही, हीही लहान परंतु आपल्याकडे विसरता न येणारी अडचण आहे. सावलीची सोय प्रथम करावी. गाभण की रिकामी, याबाबत सराईत तपासनिसाची चूक क्वचितच होते. संख्येबाबत ती थोडी अधिक होते आणि तीन गर्भ असल्यास आणखी वाढते.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा दिवसांचा आहे. मोजणीस अनुकूल काळ सामान्यतः गर्भाच्या ४५व्या ते ९०व्या दिवसापर्यंत. त्याआधी गर्भ लहान असतात व एखादा नजरेतून निसटतो. त्यानंतर ते इतके वाढतात की दोन्ही एकाच वेळी पडद्यात मावत नाहीत आणि कोणते अंग कोणाचे हे कळेनासे होते. समजा, एडका कळपात ३४ दिवस, म्हणजे माजाची दोन चक्रे, ठेवला व मग काढून घेतला. त्याला सोडल्यापासून ८०व्या दिवशी तपासणी केल्यास सर्वांत जुना गर्भ ८० दिवसांचा व सर्वांत नवा ४६ दिवसांचा असतो. सर्व मेंढ्या एकाच दिवशी अनुकूल काळात सापडतात. शेवटचे सहा आठवडे १०५व्या दिवसाच्या सुमारास सुरू होतात. म्हणजे पहिल्या फळलेल्या मेंढीसाठीदेखील खुराकाची तजवीज करावयास पंचवीस दिवस हाती राहतात.

परंतु एडका जर बारा महिने मेंढ्यांबरोबरच हिंडत असेल, तर हा सारा हिशोब कोलमडतो. दख्खनच्या फिरत्या कळपांत बहुधा हीच स्थिती असते. एकाच दिवशी तपासलेल्या मेंढ्यांत एकीचा गर्भ वीस दिवसांचा आणि दुसरीचा एकशेतीस दिवसांचा निघाल्यास यंत्र चांगले असूनही उत्तर अर्धवट मिळते. लहान कळपवाल्याला एकट्या एडक्यासाठी वेगळा आडोसा करणे अवघड जाते, हे खरे. पोटाखाली जाड कापड बांधून एडक्याला अटकाव करण्याची रीत जगातील अनेक पशुपालक समाजांत आहे, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. यंत्राआधी या कापडाचा आणि गेरूचा विचार व्हावयास हवा.

आता खर्चाकडे वळू. यंत्र विकत घेणे लहान कळपवाल्याच्या आवाक्याबाहेरचे आहे व त्याची गरजही नाही. वर्षातून एक दिवस पुरे असल्यामुळे शेजारच्या चार-पाच कळपांनी एकाच पशुवैद्याला एकाच दिवशी बोलावणे, हाच व्यवहार्य मार्ग होय. एका कळपासाठी केलेली खेप महाग पडते, पाच कळपांत ती वाटून जाते. खुराकाचे गणित उदाहरणादाखल असे मांडता येईल. तीस मेंढ्यांना शेवटचे ४२ दिवस प्रत्येकी २०० ग्रॅम भरडा सरसकट दिल्यास २५२ किलो लागतो. तपासणीत चार मेंढ्या रिकाम्या, अठरा एका गर्भाच्या व आठ जुळ्यांच्या निघाल्या असे धरू. जुळ्यांच्या मेंढ्यांना ३५० ग्रॅम व एका गर्भाच्या मेंढ्यांना १५० ग्रॅम दिल्यास एकूण २३१ किलो पुरतो. बचत एकवीस किलोंची, म्हणजे बेताचीच. पण तेवढ्यातच जुळ्यांच्या मेंढीच्या वाट्याला पावणेदोन पट खुराक येतो. तिचे व तिच्या दोन कोकरांचे प्राण या फरकावर तगतात. हे आकडे केवळ हिशोबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. मेंढीचे वजन, चराई व वर्षमान पाहून ते बदलावे लागतील.

याउलट, ज्या शुद्ध दख्खनी कळपात जुळे क्वचितच जन्मते तेथे मोजणीचा लाभ अल्प आहे. तेथे तपासणीचे मोल आहे ते रिकाम्या मेंढ्या ओळखण्यापुरते, आणि हे काम गेरूच्या डागानेही बव्हंशी होते. तथापि या रिकाम्या मेंढीच्या संदर्भात यंत्राचा एक उपयोग असा आहे की त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

हंगामाच्या शेवटी जी मेंढी व्याली नाही, तिला 'भाकड' किंवा 'वांझ' म्हटले जाते, आणि असा शब्द एकदा चिकटला की तिची रवानगी बहुधा बाजारात होते. वस्तुतः या एका शब्दाखाली तीन अगदी वेगळ्या हकिकती झाकल्या जातात. एक मेंढी माजावरच आली नाही. दुसरी माजावर आली, तिचा एडक्याशी संग झाला, पण ती फळली नाही. तिसरी फळली होती, परंतु मध्येच गाभडली; गर्भ रात्री कोठेतरी पडला, कुत्र्यांनी नेला आणि धन्याला पत्ताही लागला नाही. पहिलीत दोष बहुतेक वेळा खाण्याचा किंवा वयाचा. दुसऱ्या प्रकारच्या मेंढ्या पुष्कळ निघाल्या तर संशय एडक्यावर घ्यावयास हवा. एक निकामी एडका संपूर्ण वर्ष बुडवितो आणि आळ मात्र मेंढ्यांवर येतो. तिसऱ्या प्रकारच्या मेंढ्या एकाहून अधिक असतील तर कळपात गर्भपाताचा सांसर्गिक रोग शिरल्याची ती सूचना असते, आणि त्यांतील काही रोग मेंढ्यांना हाताळणाऱ्या माणसांनाही होतात. गेरूचा डाग पहिली हकिकत दुसरीपासून वेगळी करतो. दुसरी व तिसरी यांतील भेद मात्र ८०व्या दिवशी पडद्यावर दिसलेला गर्भ व १५०व्या दिवशी न जन्मलेले कोकरू यांची नोंद शेजारी-शेजारी ठेवल्यावाचून कळत नाही. 'वांझ' म्हणून विकली जाणारी मेंढी कित्येकदा रोगाची साक्षीदार असते, आणि साक्षच बाजारात गेल्यावर रोग वाड्यात मागे राहतो.

तपासणीनंतर मेंढ्यांवर रंगाच्या खुणा करतात. त्या संदर्भात ब्रिटनमधील एक प्रघात भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला मौजेचा वाटेल. सखल प्रदेशातील कळपांत, जेथे जुळे हाच नियम असतो, तेथे जुळ्यांच्या मेंढीला सामान्यतः खूण करीत नाहीत. एका गर्भाच्या, तीन गर्भांच्या व रिकाम्या मेंढ्यांना तेवढी करतात. डोंगराळ भागात एक कोकरू हा नियम. तेथे तीच कोरी राहते व जुळ्यांची मेंढी रंगविली जाते. जे नित्याचे ते चिन्हावाचून आणि जे विशेष ते चिन्हासह, हे तत्त्व त्रुबेत्स्कोय व याकोब्सन यांनी ध्वनी व रूपे यांच्या विचारात मांडले. मेंढपाळांनी ते रंगाच्या बचतीसाठी स्वतंत्रपणे गाठले. दख्खनी व नारी सुवर्णा यांच्या मिश्र कळपात तूर्त तरी जुळ्यांच्या मेंढीलाच खूण करणे सोयीचे.

एक कायदेशीर बाब येथे नमूद करणे अवश्य आहे. माणसांतील गर्भलिंगनिदानाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली व केंद्राने १९९४ साली कायदा केला, आणि त्या अन्वये ध्वनिचित्र-यंत्रांच्या विक्रीवर नियंत्रण आहे. 'सोनोग्राफी' या शब्दाला मराठीत जी एक काळी किनार लागली आहे तिचे मूळ या इतिहासात आहे. मेंढीच्या तपासणीत प्रश्न लिंगाचा नसून संख्येचा असतो. तरीही जेव्हा पशुवैद्य किंवा संस्था यंत्र घेऊ इच्छिते, तेव्हा त्यांनी नोंदणीविषयीच्या नियमांची आधी चौकशी करून घेणे इष्ट.

नोंदीसाठी मोठ्या वहीची आवश्यकता नाही. कानातील बिल्ल्याचा क्रमांक, एडका सोडल्याची व काढल्याची तारीख, डागाचा रंग, तपासणीत दिसलेली गर्भांची संख्या आणि प्रत्यक्ष जन्मलेली कोकरे, एवढ्या पाच गोष्टी दर मेंढीमागे एका ओळीत बसतात. तपासणीच्या दिवशी मेंढी धरणारा एक, यंत्र चालविणारा एक व लिहिणारा एक अशी तीन माणसे लागतात. यांतील तिसरे माणूस घरातील शाळकरी मूल असले तरी चालते.